प्रिन्स्टनचा ब्रॅडली

मार्च महिना उजाडला की आमच्याकडील पुष्कळ घरांत एक विधी न चुकता पार पडतो. मुलाची बॅट, रॅकेट, खेळाचे बूट ही सारी सामग्री गुंडाळून माळ्यावर चढविली जाते आणि परीक्षा होईपर्यंत तिचे नाव काढावयाचे नाही अशी सक्त ताकीद दिली जाते. घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो की बेळगावचे, महाराष्ट्राबाहेर राहून आपण भाषा थोडीफार बदलली, जेवणाची चव बदलली, पण खेळ आणि अभ्यास ह्या एकमेकींच्या सवती आहेत ही समजूत काही बदलली नाही. आम्ही स्वतः ह्याच समजुतीत वाढलो आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मुलांनाही तसेच वाढवीत आहोत. म्हणूनच अमेरिकेतील एका महाविद्यालयीन खेळाडूची हकीकत वाचनात आली तेव्हा आम्हांला ती पुनःपुन्हा वाचावीशी वाटली. त्याचे नाव बिल ब्रॅडली. खेळ बास्केटबॉल.

हा खेळ आपल्याकडे अगदीच परका नाही. १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली, आणि टोपलीच्या जागी लोखंडी कडे व जाळी आली तरी ती उंची आजतागायत तीच आहे. वाय. एम. सी. ए. ह्या ख्रिस्ती युवकसंघटनेमार्फत हा खेळ हिंदुस्थानात पोहोचला आणि शाळाशाळांच्या मैदानांवर रुजला. परंतु अमेरिकेत त्याचे जे प्रस्थ आहे त्याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. तेथे महाविद्यालयांचे सामने पाहावयास हजारो लोक तिकिटे काढून येतात. उंच व चपळ मुले हेरण्यासाठी महाविद्यालयांची माणसे गावोगाव हिंडतात. आणि अशा मुलांना शिक्षण, निवास व भोजन फुकट देऊन आपल्याकडे ओढतात. बदल्यात मुलाने खेळावयाचे. त्याने शिकलेच पाहिजे असा आग्रह सर्वच ठिकाणी तितक्या कसोशीने धरला जात होता, असे मात्र म्हणवत नाही.

ब्रॅडलीचा जन्म २८ जुलै १९४३ चा, मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी ह्या गावचा. मिसिसिपी नदीच्या काठचे हे लहानसे गाव काचेच्या कारखान्यामुळे वसलेले. वडील वॉरन ब्रॅडली तेथील बँकेत खालच्या पायरीपासून चढत चढत प्रमुख झाले होते. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत कर्जापायी असंख्य कुटुंबांची घरे गेली. आपल्या बँकेने एकाही घरावर जप्ती आणली नाही, ह्याचा ह्या गृहस्थांना सर्वांत मोठा अभिमान वाटे. संधिवाताने त्यांच्या पाठीच्या कण्याचा खालचा भाग ताठ होऊन गेला होता. वडिलांना आपण स्वतःच्या बुटाचे बंद बांधताना, मोटार चालविताना किंवा चेंडू फेकताना कधीच पाहिले नाही, असे मुलाने पुढे सांगितले आहे. आई शिक्षिका होती आणि अतिशय उत्साही. मुलगा यशस्वी व्हावा ही आईची इच्छा, सभ्य गृहस्थ व्हावा ही वडिलांची. राजकारणी व्हावा अशी मात्र दोघांचीही नव्हती, असा विनोद तो नंतरच्या काळात नेहमी करीत असे. त्या विनोदाचे मर्म वाचकांना पुढे कळेलच.

एकुलता एक मुलगा, घरी खाऊनपिऊन सुखी. अशा मुलाला कशाची वाण नसते आणि बहुधा कशाची चाडही नसते. ह्या मुलाला चाड लागली ती त्या दहा फुटांवरच्या कड्याची. शाळेत असताना तो शाळा सुटल्यावर रोज साडेतीन तास सराव करी. शनिवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत. रविवारी दुपारी दीडपासून पाचपर्यंत. आणि उन्हाळ्याच्या सुटीत रोज सुमारे तीन तास. हे सर्व बहुतांशी एकट्याने. पायांत बळ यावे म्हणून बुटांत शिशाचे तुकडे भरून तो धावे. मैदानात खुर्च्या मांडून, त्यांनाच प्रतिस्पर्धी मानून, त्यांच्यामधून चेंडू टिपत टिपत वाट काढी. चेंडूकडे न पाहता तो हाताळता यावा म्हणून चष्म्याच्या चौकटीला खालच्या बाजूने पुठ्ठा चिकटवी. म्हणजे जमीन दिसू नये. कड्यात चेंडू टाकण्याचा सराव करताना त्याचा नियम असा, की एका जागेवरून तेरा वेळा चेंडू फेकला तर निदान दहा वेळा तो आत पडलाच पाहिजे. त्याशिवाय पुढच्या जागेवर जावयाचे नाही. रस्त्याने चालताना नजर समोर ठेवून, दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या खिडक्यांत काय काय मांडले आहे हे मान न वळवता ओळखण्याचा छंद त्याने लावून घेतला होता. पुढे एका नेत्रतज्ज्ञाने त्याचे डोळे तपासले तेव्हा त्याची नजर आडव्या रेषेत १९५ अंशांपर्यंत पोहोचते असे आढळले. सर्वसामान्यपणे ती १८० अंश असते. ही निसर्गाची देणगी की त्या छंदाचे फळ, हे सांगणे कठीण आहे.

१९६१ साली तो शालेय शिक्षण संपवून बाहेर पडला तेव्हा सुमारे ७५ महाविद्यालयांनी त्याला आमंत्रणे धाडली होती. त्याने ड्यूक विद्यापीठ निवडले. त्याच उन्हाळ्यात तो युरोपच्या सहलीस गेला. 'क्वीन एलिझाबेथ' बोटीवर सरावाला जागा कोठून मिळणार? ह्या पठ्ठ्याने बोटीच्या पोटातील दोन लांबलचक, अरुंद बोळ हुडकून काढले आणि तेथे तो तासन् तास चेंडू आपटत पळत राहिला. बिचाऱ्या सहप्रवाशांना काय वाटले असेल कोण जाणे! ह्या सहलीत त्याने ऑक्सफर्ड पाहिले आणि ते त्याच्या मनात भरले. घरी परतल्यावर बेसबॉल खेळताना त्याच्या पावलाचे हाड मोडले.

पाय प्लॅस्टरमध्ये, हालचाल बंद. आणि आयुष्यात प्रथमच मनात हा विचार, की हा पाय पूर्ववत झालाच नाही तर? बास्केटबॉल वजा केला तर मी कोण उरतो? अठरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा हे आम्हांला त्याच्या सर्व विक्रमांहून मोठे वाटते. आपल्याकडे तो मुलाच्या वतीने आईबाप विचारतात, आणि उत्तरही तेच देतात. ब्रॅडलीने ऐन वेळी ड्यूकचा बेत रद्द केला आणि प्रिन्स्टन विद्यापीठात नाव घातले. प्रिन्स्टन हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या व नामांकित विद्यापीठांपैकी एक. तेथून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाणारे विद्यार्थी बरेच. पण तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच मिळत नसे. म्हणजे ड्यूकमध्ये जे फुकट मिळणार होते त्याचे प्रिन्स्टनमध्ये पैसे मोजावयाचे होते.

आम्ही हा भाग घरी जेवताना वाचून दाखविला तेव्हा आमचे चिरंजीव घास थांबवून म्हणाले, "पण बाबा, त्याचे वडील बँकेचे प्रमुख होते ना?"

प्रश्न बिनतोड होता. त्याकडे आम्ही पुन्हा येऊच.

प्रिन्स्टनमध्ये पहिल्या वर्षी अभ्यास त्याला जड गेला. गावच्या शाळेतला हुशार मुलगा मोठ्या विद्यापीठात गेला की जे होते तेच त्याचे झाले. त्याने उपाय केला तोही गावच्या मैदानावरचाच: तास वाढविले. सामन्यांच्या दिवसांतही तो ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत बसे, रविवारी सकाळी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेई. त्याचा विषय इतिहास. त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे त्याच्या वाट्यास तीनच वर्षे आली. ह्या तीन वर्षांत ८३ सामन्यांत त्याने २,५०३ गुण केले, म्हणजे सामन्यास सरासरी ३० हून किंचित अधिक. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम त्या वेळी नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

पण आकड्यांनी हा खेळाडू समजत नाही. प्रिन्स्टनमध्येच शिकलेले जॉन मॅकफी नावाचे लेखक ह्या मुलाच्या मागे लागून त्याचा खेळ पाहत राहिले आणि १९६५ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्यांनी त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला. त्याचेच पुढे पुस्तक झाले. त्यातील एक प्रसंग आम्हांला विसरता येत नाही. उन्हाळ्यात प्रिन्स्टनची व्यायामशाळा बंद असल्यामुळे ब्रॅडली जवळच्या लॉरेन्सव्हिल शाळेत सरावाला गेला. नेहमीच्या जागेवरून त्याने चेंडू टाकले ते एकामागून एक चुकले. तो थांबला, काहीसा विचारात पडला आणि म्हणाला, की हे कडे सुमारे दीड इंच खाली आहे. मग त्याने आपला नेम त्या मानाने बदलला आणि चेंडू आत पडू लागले. मॅकफी काही आठवड्यांनी पोलादी टेप घेऊन पुन्हा त्या शाळेत गेले, शिडी लावून चढले व माप घेतले. कडे नऊ फूट दहा पूर्णांक सात अष्टमांश इंच भरले. दहा फुटांना सव्वा इंचाहून थोडेसे कमी!

आमच्या लहानपणी जुने गवई तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी कपाळाला आठी घालीत, त्याची आम्हांला आठवण झाली.

१९६४ हे वर्ष त्याला फार मोठे गेले. त्या उन्हाळ्यात तो उमेदवारीसाठी वॉशिंग्टनला होता. वर्णभेदास कायद्याने बंदी घालणारे नागरी हक्कांचे विधेयक १९ जून रोजी सिनेटने संमत केले तेव्हा तो प्रेक्षकांच्या सज्जात बसलेला होता. अमेरिका आज सुधारली, आणि आपणही कधीतरी ह्या सभागृहात येऊन ती सुधारण्यास हातभार लावू शकू, असे तेथे आपल्या मनात आले, असे त्याने नंतर सांगितले. ऑक्टोबरात टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघातून खेळून त्याने सुवर्णपदक मिळविले. डिसेंबरात ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. आणि वर्ष संपता संपता न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिशिगनशी सामना झाला.

मिशिगनचा संघ त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकाचा मानला जात होता. त्यांचा प्रमुख खेळाडू कॅझी रसेल. शिकागोच्या शाळेतून आलेला, कृष्णवर्णीय, ताकदीने व चपळाईने कोणासही भारी. प्रिन्स्टनचे बाकीचे गडी सामान्य. तरीही साडेचार मिनिटांचा खेळ शिल्लक असताना प्रिन्स्टन ७५-६३ असे पुढे होते आणि त्यांतील ४१ गुण एकट्या ब्रॅडलीचे होते. तेवढ्यात त्याचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल झाले की खेळाडूने बाहेर जावयाचे असा नियम. तो बाहेर निघाला तेव्हा सारे प्रेक्षागार उभे राहिले व टाळ्यांचा कडकडाट कितीतरी वेळ थांबेना. बाकावर बसून त्याने पुढचा खेळ पाहिला. बारा गुणांची आघाडी वितळत गेली आणि शेवटच्या तीन सेकंदांत रसेलने चेंडू कड्यात टाकला. मिशिगन ८०, प्रिन्स्टन ७८.

ह्या पराभवाने ब्रॅडलीचे नाव जितके झाले तितके कोणत्याही विजयाने झाले नसते. पण त्याने मनाशी काय धडा घेतला? १९६५ च्या मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्स्टनने प्रॉव्हिडन्सच्या बलाढ्य संघास १०९-६९ असे लोळविले आणि पोर्टलंड येथे अखेरच्या चार संघांत स्थान मिळविले. तेथे पुन्हा मिशिगनशी गाठ पडली व ९३-७६ असा पराभव झाला. उरला तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना, विचिटा स्टेटशी. महाविद्यालयीन आयुष्यातील शेवटचा खेळ. ब्रॅडलीची एक खोड अशी, की स्वतः चेंडू टाकता येत असतानाही तो सहकाऱ्यांकडे देत असे. त्या दिवशी प्रशिक्षकांनी आणि सहकाऱ्यांनी त्याला बजावले की आता तू टाक. त्याने चेंडू दिला की ते परत त्याच्याकडेच देत. त्या सामन्यात त्याने २९ पैकी २२ वेळा आणि फ्री थ्रोच्या १५ पैकी १४ वेळा चेंडू आत टाकला. एकूण ५८ गुण! प्रिन्स्टन ११८-८२ असे जिंकले. विजेतेपद कॅलिफोर्नियाच्या यू. सी. एल. ए. ने नेले, पण स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली तिसऱ्या क्रमांकाच्या संघातील ब्रॅडलीची. लगोलग तो ग्रंथालयात परतला. हॅरी ट्रूमन ह्यांनी १९४० साली सिनेटची निवडणूक कशी लढविली ह्यावरील प्रबंध पुरा करावयाचा होता. तो केला आणि सन्मानासह पदवी घेतली.

न्यूयॉर्कच्या निक्स ह्या धंदेवाईक संघाने त्याला करारबद्ध करण्याचा हक्क मिळविला होता. तारुण्यातील ऐन भराची वर्षे, समोर पैशांची रास. ब्रॅडली ऑक्सफर्डला गेला. पहिल्या वर्षी तो अधूनमधून विमानाने मिलानला जाऊन तेथील संघातून खेळे, आणि त्या संघाने १९६६ साली युरोपचा चषकही जिंकला. त्यानंतर मात्र काही महिने त्याने चेंडूला हात लावला नाही. मग एके दिवशी शरीर जरा मोकळे करावे म्हणून तो ऑक्सफर्डच्या रिकाम्या व्यायामशाळेत गेला, एकट्याने चेंडू टाकू लागला आणि आपल्याला ह्या खेळाची किती ओढ आहे हे त्याला उमगले. १९६७ साली त्याने निक्सशी चार वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे पाच लाख डॉलर, त्या काळी डोळे विस्फारावे अशी. त्याला 'डॉलर बिल' हे नाव पडले.

येथून पुढची हकीकत सहसा थोडक्यात सांगून टाकतात. आम्हांला ती सांगावीशी वाटते. डिसेंबर १९६७ मध्ये तो निक्सतर्फे मैदानात उतरला आणि अपयशी ठरला. त्याला गार्डच्या जागी खेळविले गेले. त्या जागेस लागणारा वेग त्याच्यापाशी नव्हता. ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासाठी लोक उभे राहिले होते तेथेच त्याची हुर्यो उडू लागली. फॉरवर्डची जागा त्याला मानवणारी होती, पण त्या जागेवर आधीच एक जण होता: कॅझी रसेल. १९६६ साली निक्सने देशातील सर्व खेळाडूंमधून त्याची पहिली निवड केली होती. १९६९ च्या जानेवारीत रसेलचा घोटा मोडला, ती जागा ब्रॅडलीला मिळाली आणि रसेल बरा होऊन आला तरी ती ब्रॅडलीकडेच राहिली. एकाचा पाय मोडला म्हणून तो प्रिन्स्टनला गेला होता. दुसऱ्याचा पाय मोडला म्हणून त्याला निक्समध्ये ठाव मिळाला. १९७० साली निक्सने अजिंक्यपद पटकाविले तेव्हा दोघेही संघात होते. पुढल्या वर्षी रसेलला दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले. ब्रॅडली राहिला व १९७३ चे अजिंक्यपदही त्याला लाभले.

आता चिरंजीवांचा प्रश्न. फुकटची शिष्यवृत्ती नाकारण्याची, पैशांची रास दोन वर्षे ताटकळत ठेवण्याची ऐपत ब्रॅडलीपाशी होती. ज्या मुलाच्या खेळावर घर उभे राहावयाचे आहे त्याला हे स्वातंत्र्य नसते. हे झाकून ह्या मुलाचे कौतुक करणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. गोष्ट अशी, की हे त्यालाही ठाऊक होते. निक्समध्ये येताच जाहिरातींसाठी मोठाल्या रकमा त्याच्यापुढे आल्या. त्याच्याहून सरस असे कृष्णवर्णीय खेळाडू त्याच संघात असताना ही बोलावणी आपल्यालाच का येतात, हे त्याने ओळखले व ती नाकारली. वृत्तपत्रांनी त्याच्याभोवती रचलेल्या आदर्श मुलाच्या गोष्टींचा आम्हांला थोडा कंटाळा येतो. पण ही गोष्ट आम्हांला पटली.

धंदेवाईक खेळातील दहा वर्षांत त्याची सरासरी सामन्यास १२.४ गुण इतकीच राहिली. तीस गुणांचा प्रिन्स्टनवीर तेथे सतत धावून मोकळी जागा गाठणारा, योग्य क्षणी चेंडू देणारा पाच जणांपैकी एक झाला. १९७७ साली तो निवृत्त झाला आणि पुढल्याच वर्षी न्यू जर्सीतून सिनेटवर निवडून आला. आईवडिलांना नको होते तेच झाले! अठरा वर्षे ते सिनेटर होते (येथून 'तो' म्हणणे आम्हांला अवघड जाते). १९८६ च्या करसुधारणेत त्यांचा मोठा वाटा होता. २००० सालच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मात्र त्यांना मिळू शकली नाही.

२०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर उघडपणे पैसा मिळविण्याची मुभा झाली आहे. रसेलसारख्या मुलांना ती साठ वर्षांपूर्वी मिळावयास हवी होती, असे आमचे मत. प्रिन्स्टन मात्र अजूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, आणि तेथील पुरुषांच्या गुणांच्या यादीत २,५०३ हा आकडा अद्याप सर्वांत वरच आहे.

आमच्या घरची बॅट ह्याही मार्चमध्ये माळ्यावर गेली. ती खाली काढण्याविषयी चिरंजीवांची आणि त्यांच्या आईची बोलणी चालू आहेत. आम्हांला तूर्त त्यांत घेतलेले नाही.